चार नंबरचा नकार

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. तेच ते... सुनसान रस्ता, बंद पडलेली गाडी, हात दाखवणारी बाई, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवाला सांगतो, "अहो, ती तर केव्हाच वारली!" त्या बाईला एकदा कोणीतरी नीट घरी सोडलं असतं तर निम्मं सदर बंद पडलं असतं. भूत, करणी, भानामती, व्हायब्रेशन्स, एनर्जी — यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल आदर आहे वगैरे म्हणायची पद्धत असते. मला नाही, त्यामुळे म्हणत नाही.

तरी लिहायला बसलेय, कारण जे झालं ते मला एकटीला झालं असतं तर मी बी-ट्वेल्व्हची गोळी घेऊन गप्प बसले असते. पण ते दोघींना झालं. भर सकाळी, लख्ख उजेडात, आणि जिथे माशीसुद्धा आत येऊ शकत नाही अशा खोलीत.

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. आयव्हीएफच्या लॅबमध्ये बीज आणि शुक्राणू एकत्र आणून गर्भ वाढवायचे, तपासणीसाठी त्यातल्या काही पेशी काढायच्या, गर्भ गोठवून ठेवायचे — हे माझं काम. पेढे आणि पाया पडणं बाहेर डॉक्टरांच्या वाट्याला जातं, आम्ही आत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसतो. मूळची पुण्याची. लग्न होऊन बेंगळुरूला आले त्याला बरीच वर्षं झाली. घर जयनगरला, क्लिनिक राजाजीनगरला. मेट्रोने सरळ जाता येतं, हे या शहरातलं माझं एकमेव सुख.

या धंद्यात राहून माणसांबद्दल आदर टिकवणं अवघड आहे. बीज देणारी बाई कोण हे कायद्याने गुप्त ठेवायचं असतं. बीज घेणाऱ्यांना तिचा फोटो हवा, मार्कशीट हवी आणि जमल्यास पत्रिका. गोरी हवी, इंजिनिअर हवी, शाकाहारी हवी. स्वतःचे चेहरे आरशात पाहत असतील की नाही कोण जाणे. गर्भ पोटात सोडायला मुहूर्त काढून आणणारे तर नेहमीचेच. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, असं भिंतीवर तीन भाषांत लिहिलंय, तरी त्याच भिंतीला टेकून उभा राहिलेला एक गृहस्थ मला डोळा मारून म्हणाला होता, "मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!" जरा जमवून घ्या म्हणे. त्याला वाटलं, मी भाजी विकते.

असो. आता घरचं सांगते, कारण गोष्ट घरचीच आहे.

माझं सासर म्हणजे बेंगळुरूतलं जुनं मराठी घराणं. तीन-चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले, असं ते दर लग्नात सांगतात. फौज परत गेली, हे राहिले. सासूबाईंना घरीदारी सगळे अक्काच म्हणतात, मीही. धाकटा दीर मुकुंद बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. त्याची बायको शुभदा नागपूरची, नोकरीसाठी इथे आलेली, आयटीतली. आणि त्यांची मुलगी चारू. हे सगळं झालं तेव्हा सात वर्षांची होती.

चारूला थॅलॅसेमिया मेजर आहे. म्हणजे शरीर पुरेसं रक्त तयार करत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून जादा लोह साचतं ते काढायला वेगळी औषधं. मुकुंद आणि शुभदा दोघंही कॅरिअर, म्हणजे स्वतः ठणठणीत पण रक्तात दोष बाळगणारे. लग्नाआधी साधी रक्ततपासणी केली असती तर कळलं असतं. पण आपल्याकडे पत्रिका बघतात... छत्तीस गुणांपैकी एकतीस जुळले होते, अक्का अजून अभिमानाने सांगतात.

यावर पक्का उपाय एकच, जुळणाऱ्या माणसाच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. आई-बापाची जुळली नाही, बाहेरही कोणी सापडलं नाही. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी. म्हणून ठरलं की आयव्हीएफने गर्भ तयार करायचे, त्यातला ज्याला आजार नाही आणि जो चारूशी जुळतो असा निवडायचा आणि त्याला जन्माला घालायचं. इंग्रजीत अशा बाळाला सेव्हिअर सिबलिंग म्हणतात, तारणहार भावंड. नाव ठेवणाऱ्याला कधी कोणी जन्माआधी कामाला लावलेलं नसणार.

क्लिनिकच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी हे थेट करायला नकार दिला. आजारासाठी गर्भ तपासायला कायदा परवानगी देतो. पण 'बहिणीशी जुळत नाही' हा काही आजार नव्हे. क्लिनिकचा वकील म्हणाला, थॅलॅसेमियासाठी पेशी काढणारच आहोत, त्याच पेशींत जुळणीही बघितली तर अडवणारं कलम स्पष्ट नाही. 'स्पष्ट नाही' म्हणजे करा, हे सांगायची ही वकिली रीत. मग चार शहाण्यांची बैठक बोलावली. त्यात तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक होते, खादीचा झब्बा आणि खूप वेळ असलेले. ते म्हणाले, "आईवडिलांची संमती आहे, डॉक्टरांची आहे. पण ज्याला औषध म्हणून जन्माला घालताय, त्याची?"

मी म्हटलं, "सर, डिशला माइक लावू का?"

सगळे हसले. प्राध्यापकही हसले बिचारे. बैठक संपली, परवानगी मिळाली.

मला त्या माणसाची कीव आली होती, खरं सांगते. पोरगी दर महिन्याला सुया टोचून घेतेय आणि हे शंभर पेशींच्या गोळ्याचे हक्क विचारतायत! रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत.

घरच्या केसला हात लावू नये असा संकेत आहे. मी तो मोडला, कारण आमच्या लॅबमधल्या बाकीच्यांचे हात मी पाहिले आहेत. अपवाद एक, लावण्या. माझी ज्युनिअर, तुमकुरूची, मराठीचा गंध नाही, देवभोळी आहे पण हात दगडासारखा स्थिर. आम्ही दोघी इंग्रजी-कन्नडच्या खिचडीत बोलतो. तिचं बोलणं इथे मराठीत लिहितेय.

पेशी काढायच्या त्या गर्भ पाचव्या दिवसाचा झाल्यावर. हे मुकुंदने घरी सांगितलं आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. अक्कांनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"पाचवा दिवस म्हंजे पाचवी की गं! सटवी येणार लिहायला. पूजा नको?"

"अक्का, पाचवी बाळ जन्मल्यावर असते. हे अजून जन्मलेलं नाही."

"सरी, बरं, जन्मलं नाही. मग काय आहे ते? कालच म्हणालीस ना, वाढतंय छान म्हणून?"

मी कप्पाळावर हात मारून घेतला. पण अक्का ऐकतात थोड्याच! त्या दिवशी सकाळी क्लिनिकच्या वेटिंग हॉलमध्ये, एसीच्या खाली, त्यांनी छोटा पाटा-वरवंटा मांडला. हळदकुंकू, फुलं, आणि सटवाईने बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि मुकुंदच्या कारखान्याचं नाव छापलेलं पेन. रिसेप्शनवरची पोरगी फोटो काढत होती. इतर पेशंट बायका उठून पाया पडायला लागल्या. एकीने तर विचारलं, हे पॅकेजमध्ये आहे का! मी शरमेने लाल होऊन आत गेले.

इथे काहींना वाटलं असेल, आता त्या कागदावर काहीतरी उमटणार. त्यांनी इथूनच परत जावं. कागद संध्याकाळपर्यंत कोराच होता. अक्कांनी त्यावर वाण्याची यादी केली.

आता लॅबमधलं सांगते, आणि हे नीट वाचा.

आमच्याकडे साक्षीची पद्धत आहे. गर्भाला हात लावायच्या प्रत्येक पायरीला एकीने मोठ्याने वाचायचं — बाईचं नाव, डिशचा नंबर, गर्भाचा नंबर — आणि दुसरीने स्वतःच्या डोळ्यांनी बघून "कन्फर्म" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय पहिलीने बोटसुद्धा हलवायचं नाही. अदलाबदल झाली तर कोणाचं तरी मूल कोणाच्या तरी पोटात जाईल, म्हणून. लष्कराच्या चौकीवरही एवढी शिस्त नसेल. लॅब पूर्ण बंद असते, हवासुद्धा गाळून येते. आत फोन नेत नाहीत. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, आवाज फक्त इनक्युबेटरच्या गुणगुणीचा.

एक, दोन, तीन झाले. लावण्या प्रत्येक वेळी "कन्फर्म" म्हणाली, मी पेशी काढल्या, पुढे. चौथी डिश घेतली. दिसायला बेताचाच गर्भ होता, दोन नंबरसारखा देखणा नव्हे. मी शुभदाचं नाव वाचलं, "डिश चार, गर्भ चार" म्हटलं आणि थांबले.

"नको."

लहान मुलाचा आवाज होता. मुलगा की मुलगी, ते नाही सांगता येणार. घाबरलेला नव्हता, रडका नव्हता, दुरूनही आला नव्हता. पंगतीत आपण मुलाला विचारतो, आणखी भात वाढू का, आणि ते ताटावर हात धरून जसं म्हणतं ना... तसं. विचारलं म्हणून दिलेलं उत्तर.

मी मान वळवून लावण्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

मला आधी राग आला. हा काय आचरटपणा, आणि तोही माझ्या घरच्या केसला! पण लॅबमध्ये ओरडायचं नसतं, गर्भ इनक्युबेटरच्या बाहेर होता, वेळ जात होता. साक्ष मिळाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून वाचायचं हा नियम. मी पुन्हा वाचलं. या वेळी लावण्याने "कन्फर्म" म्हटलं, पण डिशवरचा नंबर दोनदा बघून. मी पेशी काढल्या. माझा हात कापला नाही, हे मुद्दाम नोंदवते. बाकीचे गर्भही झाले. त्यांच्या वेळी काही नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला फैलावर घेतलं. "कन्फर्म म्हणायचं सोडून नको काय म्हणतेस? आणि आवाज काढून? गंमत वाटली?"

ती भिंतीला टेकली. "मॅडम, मला मराठी कुठे येतं? तुम्हीच 'बेडा' म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला डिशमध्ये काही चूक दिसली."

कन्नडमध्ये बेडा म्हणजे नको. मी मराठीत ऐकलं, तिने कन्नडमध्ये. तोच क्षण, तसाच आवाज, तोच अर्थ. आम्ही दोघींनी एकमेकींना पुन्हा पुन्हा विचारलं. नक्की 'बेडा'? नक्की. शेवटी लावण्या रडायला लागली आणि मी तिला पाणी दिलं, कारण दुसरं काही सुचेना.

मी स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. इंटरकॉम तपासला, त्याची वायर कधीच काढलेली होती. बाहेरच्या पॅसेजमध्ये मूल असेल म्हणून विचारलं. त्या मजल्यावर लहान मुलांना येऊच देत नाहीत, आणि दारं बंद असताना बाहेर कोणी ढोल बडवला तरी आत येत नाही. सीसीटीव्ही बघितला. त्याला आवाज नसतो आणि आमच्या तोंडांवर मास्क, म्हणजे कोण बोललं ते कळायची सोय नाहीच. पण एक दिसतं. मी वाचून थांबते, आणि मग दोघींच्या माना एकदम, एकाच क्षणी वळतात. जी बोलली असती तिने कशाला मान वळवली असती? दोघी थकलो होतो म्हणावं तर सकाळची वेळ, दिवसाचं पहिलं काम. गॅस गळती म्हणावी तर सेन्सर गप्प. शिवाय कुठला गॅस माणसाच्या मातृभाषेप्रमाणे भाषांतर करून देतो?

अक्कांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी लगेच सटवाईला मध्ये आणलं असतं, वर एक उपवास माझ्या गळ्यात पडला असता. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झोप पुरी होत नाहीये तुझी." पुरुषांना बायकांच्या झोपेची काळजी अशाच वेळी वाटते.

मी ठरवलं, विसरायचं. जमलंही होतं. मग काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी मुकुंद-शुभदाला बोलावलं, मीही बसले. तपासणी झाली होती. आजार नसलेले गर्भ एकाहून जास्त होते. चारूशी जुळणारा मात्र एकच.

"नंबर चार," बाई म्हणाल्या.

मुकुंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शुभदा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सात-आठ डिशमधून बोलायचं ते नेमकं यानेच? आणि त्या दिवशी तर आम्हाला, डॉक्टरांना, जगात कोणालाच माहीत नव्हतं की कोण जुळणार. पेशीच निघाल्या नव्हत्या!

लावण्याला कळलं तेव्हा तिने दुसऱ्या दिवशीच येऊन सांगितलं, "चार नंबरला साक्ष मी देणार नाही. मला दुसरं काम द्या. आणि त्याच्या आईला सांगा, मॅडम. विचारलं होतं आपण, उत्तर मिळालं."

"आपण कोणाला काही विचारलं नव्हतं," मी खेकसले. "आपण नंबर वाचला होता."

"तुम्ही थांबला होता की," ती म्हणाली.

मूर्ख मुलगी, म्हटलं मनात. पण मग झोप खरंच उडाली. सांगू काय? की तुझ्या लेकीला वाचवणारा एकच गर्भ मिळालाय आणि तो नको म्हणाला? मी आयुष्यभर ज्या लोकांवर हसले त्यांनी तरी अमावास्येचा उतारा टाकला, लिंबू-मिरची बांधली. कोणाच्या पोरीच्या औषधाच्या आड नाही आले. आणि न सांगू? मग उद्या काही बरंवाईट झालं तर? हो, मी हा विचार केला. मी! असल्या विचारांची मी आजवर टिंगल केली आणि तो माझ्याच डोक्यात घर करून बसला. एवढी स्वतःची किळस मला कधी वाटली नव्हती.

शेवटी गर्भ सोडायच्या आदल्या आठवड्यात मी गेले. चारूला रक्त चढवायचा दिवस होता, शुभदा तिच्याबरोबर हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये होती. रांगेत खाटा, भिंतीवर रंगवलेले हत्ती-ससे, आणि त्या हत्ती-सशांकडे ढुंकूनही न बघणारी मुलं. सिस्टर यायची होती. चारू मोबाइलवर काहीतरी बघत होती. मी शुभदाला खाटेच्या पायथ्याशी घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. साक्षीची पद्धत, तो आवाज, लावण्याचं 'बेडा', सगळं. शेवटी म्हटलं, "माझा विश्वास नाही यावर. काय होतं मला माहीत नाही. पण तुला न सांगता मला ते करता येईना."

शुभदाला बोलायला वेळच मिळाला नाही, कारण सिस्टर ट्रे घेऊन आली.

चारूने मोबाइल खाली ठेवला. हात पाठीमागे लपवला. "आई, नको."

"झालंच गं राणी."

"आई, नको ना. आज नको. आई!"

शुभदाने तिचा हात पाठीमागून ओढून काढला आणि मनगट गादीवर दाबून धरलं. सिस्टरला शीर सापडेना. एकदा टोचलं, काढलं, दुसरीकडे टोचलं. चारू सगळा वेळ नको, नको, नको म्हणत होती आणि शुभदाच्या हाताची पकड तसूभरही सैल झाली नाही. मग रक्त सुरू झालं. पोर हुंदके देत देत गप्प झाली आणि पुन्हा मोबाइल बघायला लागली.

शुभदा माझ्याकडे वळली. एरवी इंग्रजी मिसळून बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचं नागपूर बाहेर आलं.

"ही पण दर वेळेस नकोच म्हणते ना, ताई. ऐकून राहिलो का आपण तिचं?"

मी चारूच्या टोचलेल्या हाताकडे बघितलं.

"मग त्याचं काऊन ऐकायचं? अजून पोटात बी नाही आलं माझ्या." तिने चारूच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आईला नकोच म्हणतात लेकरं. जन्माच्या आधी कधी म्हणत नसतील, यानं आधी म्हटलं. तुम्ही करा, ताई. तुम्हीच करा."

बास. एवढंच. ना प्राध्यापक, ना वकील, ना कलम. मी इतकी वर्षं लोकांना वेड्यात काढत आले, त्या बाईला फक्त "करते" म्हटलं. तिचं बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. ज्यांना पटकन ठरवता येतंय ते बहुधा कधी कोणाचं मनगट धरून बसलेले नसावेत.

सोडायच्या दिवशी चार नंबरचा गर्भ गोठवणीतून मीच काढून दिला. साक्षीला दुसरी मुलगी होती. मी नाव वाचलं, नंबर वाचला आणि थांबले. गरजेपेक्षा जास्तच थांबले, कारण तिने मला "मॅडम?" असं विचारलं. इनक्युबेटरची गुणगुण सोडून काही ऐकू आलं नाही. मग ती "कन्फर्म" म्हणाली.

मुलगा झाला. ईशान. ठणठणीत आहे, गोबरा आहे, अक्का त्याला दिवसभर कन्नडमध्ये गोष्टी सांगतात आणि शुभदा मराठीत रागावते. पाचवी रीतसर पुन्हा झाली. जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवलं होतं, पण चारूच्या वजनाला ते पुरणार नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे अस्थिमज्जाच घ्यायची, तो जरा मोठा झाल्यावर. आता झालाय. पुढच्या महिन्यात ठरलंय. भूल देणार, कमरेच्या हाडात सुई घालणार. धोका अगदी कमी, पोर दोन दिवसांत खेळायला लागतं, हे सगळं मी स्वतः मुकुंदला समजावलंय आणि ते खरं आहे. संमती आई-बापाची, सही आई-बापाची, उपयोग आई-बापाच्या दुसऱ्या लेकराला. कायदा यात काही चूक काढत नाही.

लावण्या आता म्हैसूरच्या एका क्लिनिकला असते. अधूनमधून फोन करते, बाळ कसं आहे विचारते, त्या दिवसाबद्दल बोलत नाही. तो आवाज कशाचा होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्या शक्यता सुचल्या त्या सगळ्या मी स्वतःच मोडीत काढल्या आहेत, त्यामुळे खाली कमेंटमध्ये मेंदूचे भास, कुलदैवत आणि क्वांटम यांची दुकानं मांडू नका. मी वाचणार नाही.

ईशानला आता बोलता येतं. सुई बघून तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. त्या वेळी खोलीतल्या सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू येईल, आणि त्याचं स्पष्टीकरण कोणी मागणार नाही.

शुभदाने मला हजर राहायला सांगितलंय. चारूला सांभाळायला ती दुसऱ्या खोलीत असेल, तेव्हा त्याचा हात धरायला घरचं कोणीतरी हवं. मी हो म्हटलंय.